गोंदिया–परळ–गोंदिया

बुधवार, गाडीत

विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. रिकाम्या डब्यात चढायचं, सामान लावायचं, आणि गाडी हलेपर्यंत फोनवरून दवाखान्याची निरवानिरव करायची. बाहेर धानाची रोवणी जोरात होती. बांध्यांतल्या चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया, पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधलेले. भंडाऱ्यापर्यंत मी खिडकीतून नजर काढली नाही.

बावीस वर्षं मी गोंदियात लहान मुलांची डॉक्टर आहे. परळला पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. लहान मुलांचे कर्करोग आणि रक्ताचे आजार हा विषय, आणि बोलावलेले सगळे आमच्यासारखे जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर. बॅगेत कपड्यांच्या मधोमध, कापसात गुंडाळून, मायक्रोस्कोपखाली बघायची रक्ताची एक काच घेतली होती. आमचा लॅबवाला रक्ताच्या जुन्या काचा टाकत नाही, डब्यांत तारीखवार ठेवतो. ही काच दोन वर्षांपूर्वीची.

आठ वर्षांचा मुलगा. गुडघे आणि घोटे दुखायचे, ताप येऊन-जाऊन असायचा, रात्री दुखण्यानं रडत उठायचा. हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट १ लाख ६० हजार, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज सांगणारा आकडा, बराच वाढलेला. मी लहान मुलांचा संधिवात धरला आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलं. चौथ्या दिवशी पोरगं अंगणात धावत होतं. त्याचे वडील पेढे घेऊन आले होते. सहा आठवड्यांनी ते परत आले तेव्हा मुलाच्या पायांवर लाल ठिपके होते आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. रक्ताचा कर्करोग, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर मला एवढंच विचारलं, "मॅडम, स्टिरॉइड किती दिवस दिलं होतं?"

या कर्करोगावरचं पहिलं औषध स्टिरॉइडच आहे. म्हणून तर तो मुलगा चार दिवसांत धावला. पण एकट्या स्टिरॉइडनं रोग अर्धवट दबतो, उरलेल्या पेशी चिवट होतात, आणि रोग मुळात किती जोराचा होता हे कळायची वाट बंद होते. मग तज्ज्ञांना तो जास्त धोक्याचा धरूनच औषधं द्यावी लागतात. त्या मुलाला तशी जास्त कडक औषधं सोसावी लागली, ती माझ्या चिठ्ठीमुळे. हे मी त्याच्या वडिलांना सांगितलं आहे. ते अजूनही माझ्याकडेच येतात. त्याच्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिचं औषधपाणी माझ्याकडे चालतं.

गुरुवार

पहाटे दादरला उतरले. गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा इथेच, दादरला. टाटात उपचाराला आलेली कितीतरी कुटुंबं तिथे राहतात. आमच्या विदर्भातल्या माणसाच्या नावाखाली मुंबईत दुखणाईतांना छप्पर मिळतं, याचं मला दर वेळी भरून येतं.

परळमध्ये पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यात केवढं काय आहे! १९२६ चं केईएम, त्याच्यासमोर १९२९ चं लहान मुलांचं वाडिया, पुढे लसींची हाफकिन संस्था. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं टाटा मेमोरियल तर सगळ्यांना माहीत असतं, पण ते ज्या रस्त्यावर आहे त्याला नाव आहे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं. मूळ गोव्याचे, टाटातले कर्करोगाचे शल्यचिकित्सक. फुटपाथवर सकाळी सातलाही चादरी अंथरलेल्या होत्या. स्टोव्हवर भात शिजत होता. तोंडाला मास्क लावलेलं एक टक्कल पडलेलं मूल त्या स्टोव्हपासून हातभर अंतरावर खेळत होतं.

पहिलं व्याख्यान आकड्यांचं होतं. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम देशांत अनेक ठिकाणी ३० टक्केही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलंय की २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं जगली पाहिजेत. शिकवणाऱ्या सरांनी आकडे पटकन संपवले आणि म्हणाले, "औषधं बहुतेक तीच आहेत. फरक पडतो तो मूल किती उशिरा पोहोचतं, येण्याआधी त्याला काय दिलेलं असतं, आणि ते मध्येच उपचार सोडून जातं का, यात. यातल्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत."

दुपारनंतर मायक्रोस्कोप. हा दिवस मी विसरणार नाही.

रक्त तपासणाऱ्या मशीनचा कागद आम्ही सगळेच बघतो. मशीन पेशी मोजतं, पण ब्लास्ट म्हणजे कच्च्या, कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा लिम्फोसाइट या साध्या पांढऱ्या पेशींच्या रकान्यात टाकून मोकळं होतं. कोपऱ्यात एखादी खूण छापतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. लीशमनचा रंग दिलेली काच स्वतः बघायची, आणि तीही नुसती मध्यभागी बघून सोडायची नाही. शेपटीकडे, कडांकडे सरकत जायचं, कारण मोठ्या पेशी पसरवताना तिकडे ओढल्या जातात. ब्लास्ट ओळखायचा तो असा: पेशी मोठी, केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेलं, भोवती निळसर रसाची बारीक किनार.

सगळे चहाला गेल्यावर मी सरांना माझी काच दिली. कागदावरचे आकडेही सांगितले. त्यांनी आधी आकड्यांवरच बोट ठेवलं. "संधिवातानं ईएसआर एवढा वाढतो तेव्हा प्लेटलेटही वाढतात, चार लाख, पाच लाख. इथे १ लाख ६० हजार. नॉर्मल आहेत, पण या मुलात त्या नॉर्मल असायला नको होत्या. आणि रात्री उठवणारं दुखणं हाडाचं असतं, सांध्याचं नव्हे." मग काच लावली. मध्यभाग सोडून कडेला गेले. दोनेक मिनिटं स्क्रू फिरवत राहिले आणि खुर्ची सरकवून मला म्हणाले, "बघा."

एक होती. थोडं सरकवलं तर आणखी एक. दोन वर्षं ती त्या डब्यात, माझ्या दवाखान्यापासून तीन दुकानं पलीकडे पडून होती.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही काच घेऊन आलात. ती वर्गाला दाखवू का?" मी हो म्हटलं. चहानंतर अठरा डॉक्टरांनी ती एकेक करून पाहिली. नंदुरबारहून आलेला एक तरुण डॉक्टर सर्वांत जास्त वेळ बसला. उठताना त्यानं वहीत लिहिलेलं मला दिसलं: देण्याआधी घ्यायचं.

शुक्रवार

आज वॉर्ड. बालकर्करोगाच्या वॉर्डात पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं तिथे शांतता असेल. तिथे कार्टून लागलेलं असतं, सलाइनचे स्टँड ढकलत शर्यती चालतात, आणि आया एकमेकींना "तुझ्याचे काउंट किती आले?" असं विचारतात.

कालचा धडा होता थांबायचा. स्टिरॉइडच्या आधी थांब, काच बघ, बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी होऊ दे. आजचा बरोबर उलटा. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली असतील आणि ताप आला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलंच पाहिजे. शक्यतो जंतू ओळखायला रक्ताचं कल्चर घ्यायचं, पण कल्चरसाठी डोस लांबवायचा नाही. रिपोर्टची वाट बघायची नाही, पैसे भरल्याच्या पावतीची तर नाहीच. अशा मुलाला गुदद्वारातून थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा काही नको. प्लेटलेट कमी असतील तर दंडात-मांडीत इंजेक्शन नको.

मी हात वर करून विचारलं, "आमच्याकडे देवरीहून, सालेकशाहून मूल गोंदियाला यायचं तर पावसाळ्यात तासाचे दोन तास होतात. मग?" वॉर्डच्या सिस्टर, तीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या, त्यांनी उत्तर दिलं. "मॅडम, मग पहिला डोस देवरीलाच. मुलाच्या फाइलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, कुठलं औषध, किती. तिथला डॉक्टर नवा असला तरी वाचेल. डोस द्या आणि मग गाडीत बसवा." मी ते वाक्य लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. गेली कित्येक वर्षं मी अशा फोनवर "ताबडतोब इकडे पाठवा" एवढंच सांगत आले होते.

व्हिन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाचंही सिस्टरांनीच दाखवलं. शिरेतून द्यायचं औषध चुकून पाठीच्या मणक्यातून गेलं तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, असं जगभर घडलेलं आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये बजावलं की ते सिरिंजमध्ये भरूच नये, छोट्या सलाइनच्या पिशवीत मिसळून द्यावं. पिशवी कुणी पाठीत टोचायला जाणार नाही. एवढीशी युक्ती! मला अशा गोष्टी मोठ्या शोधांइतक्याच मोलाच्या वाटतात.

आणखी एक, घाईत टिपलेलं: ल्युकेमियाचा संशय असलेल्या मुलाला भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे. छातीत गाठ असली तर उताणं निजवल्यावर श्वास कोंडतो.

शनिवार

रक्ताचे आजार. आमच्या भागाचा हा रोजचा विषय, त्यामुळे आज मी आणि नंदुरबारचे डॉक्टर जास्त बोललो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट आहे. तपासण्या वाढल्या हे खरं. पण तपासणीचं कार्ड हातात आल्यानंतर पुढे काय, हे सांगणारं माणूस गावात हवं. हायड्रॉक्सीयुरिया नियमित, लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, आणि आईला पोरीच्या पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवणं. प्लीहा अचानक फुगली आणि मूल पांढरं पडलं तर तासांचा प्रश्न असतो. हे आईला दहा मिनिटांत शिकवता येतं. मी आजवर चार-पाच जणींनाच शिकवलं असेल.

थॅलेसेमियाच्या तासाला पुन्हा तेच सूत्र आलं. फिकट मूल आलं, हिमोग्लोबिन ४, आपण घाईनं रक्त चढवतो, आणि मग तपासायला पाठवतो. तोवर शरीरात फिरणारं रक्त देणाऱ्याचं झालेलं असतं, हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारा एचपीएलसीचा रिपोर्ट फसवा येतो. दोन मिलिलिटर रक्त आधी काढून ठेवायचं, मग पिशवी लावायची. नंदुरबारच्या डॉक्टरनं माझ्याकडे पाहून मान हलवली.

हिमोफिलियात, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजारात, मात्र परत उलट. गुडघा सुजला, की आधी रक्त गोठवणारा फॅक्टर द्यायचा, एक्स-रे नंतर.

रक्तगटांचं बोलणं निघालं तेव्हा १९५२ चा उल्लेख झाला. याच शहरात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक शोधले, ज्यांचं रक्त साध्या तपासणीत 'ओ' वाटतं पण त्यांना 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच घटकच त्यांच्या पेशींवर नसतो. जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. उलटी तपासणी, म्हणजे सीरमची तपासणी, का सोडायची नाही याचं याहून चांगलं कारण नाही.

रविवार

सुट्टी. रत्नागिरीची एक डॉक्टर आणि मी सकाळी आचार्य दोंदे मार्गावरून हाफकिनच्या फाटकापर्यंत चालत गेलो. पाऊस थांबला होता, झाडांवरून थेंब पडत होते. गव्हर्नरांचं हे जुनं निवासस्थान १८९९ मध्ये प्लेगच्या लसीसाठी हाफकिनना मिळालं, हे तिला माहीत होतं. लूसी विल्सचं मी सांगितलं.

१९२८ मध्ये ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्या पडत आणि मरत. ते का, हे तिला शोधायचं होतं. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. तिनं त्या बायकांच्या घरचं जेवण तपासलं, तसाच आहार माकडांना दिला, आणि शेवटी यीस्टच्या अर्कानं, मार्माइटनं, त्यांचं रक्त भरून येतं हे दाखवलं. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कातला अनोळखी घटक म्हणजे पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला तो.

पुढचा धागा समुद्रापार जातो. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत फोलिक अ‍ॅसिडवर काम करत होते. बोस्टनच्या सिडनी फार्बरना दिसलं की ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक अ‍ॅसिडसारखे पदार्थ दिले की रोग भडकतो. मग फोलिक अ‍ॅसिड अडवणारं काही दिलं तर? ते औषध, अमिनोप्टेरिन, सुब्बारावांच्या लोकांनी बनवून दिलं. १९४८ मध्ये फार्बरनी सोळा मुलांची हकिगत छापली. दहा मुलांत सुधारणा दिसली होती, थोड्या काळापुरती. त्याआधी या रोगात कुणालाच काही करता येत नव्हतं. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. मिथोट्रेक्झेट हे त्याच औषधाचं भावंड, आजही प्रत्येक ल्युकेमियाच्या मुलाच्या हातावर पडणारं.

रत्नागिरीची डॉक्टर म्हणाली, "म्हणजे ही गोळी गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून आली." बंद फाटकापुढे आम्ही बराच वेळ उभ्या होतो. चाळींच्या जागी उभे राहिलेले टॉवर मागे दिसत होते.

सोमवार

शेवटचा दिवस आई-बापांशी बोलण्याचा. उपचार अर्ध्यावर सोडून जाणं हे आपल्याकडे मुलं दगावण्याचं मोठं कारण आहे, आणि ते बहुतेकदा मूल बरं दिसू लागल्यावर घडतं. महिनाभरात ताप जातो, गाल भरतात, घरी पेरणी किंवा कापणी खोळंबलेली असते, दुसरी मुलं शेजाऱ्यांकडे टाकलेली असतात. ल्युकेमियाचा उपचार मात्र अडीच-तीन वर्षांचा. मुक्कामाची सोय झाली की कुटुंब टिकतं. २००६ पासून मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड केंद्रांत बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत राहता येतं आणि आपापला स्वयंपाक करता येतो. महात्मा फुले योजनेतून उपचार, रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ. हे कागद कुठे, कुणाच्या सहीनं मिळतात याची यादी आम्ही केली. औषधांच्या मात्रेइतकीच ती डॉक्टरच्या खिशात हवी.

जेवणानंतर पुन्हा त्याच सिस्टर आल्या. घरी घ्यायच्या औषधांबद्दल बोलल्या. मेंटेनन्सच्या, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या टप्प्याच्या, दोन वर्षांत मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मिथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच. ते रोज दिलं गेलं तर तोंड सोलवटतं, पेशी कोसळतात, मूल जाऊ शकतं. "पालकांना 'समजलं का' असं कधी विचारू नका, सगळे हो म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "'कुठल्या दिवशी देता, आणि तो दिवस कसा लक्षात ठेवता?' असं विचारा. आणि औषधांचा डबा आणायला सांगा. डबा बघितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही."

संध्याकाळी दादरहून गाडी. समोरच्या बर्थवर तुमसरचं कुटुंब, सहा वर्षांची मुलगी, टोपी आणि मास्क घातलेली. आईकडे शंभर पानी वही होती, प्रत्येक पानावर तारीख आणि काउंट. तिसरी पास बाई, पण न्यूट्रोफिल हा शब्द माझ्या कंपाउंडरपेक्षा स्वच्छ उच्चारत होती. माझा नंबर तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला.

बुधवार, गोंदिया

मंगळवारी दुपारी घरी पोहोचले आणि संध्याकाळीच लॅबमध्ये गेले. ती काच डब्यात जागेवर ठेवली. लॅबवाल्याला कडेच्या दोन पेशी दाखवल्या. तो म्हणाला, यापुढे फिकट मुलाची काच तो मशीनच्या कागदासोबत मला पाठवेल.

आज सकाळी त्या मुलाच्या वडिलांना फोन करून औषधांचा डबा घेऊन बोलावलं. मुलगा आता दहाचा, केस परत आलेले, शाळेत जातो. सोबत धाकटी बहीण. वडिलांनी टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला.

"भाऊ, आठवड्याची गोळी कोणत्या दिवशी देता?"

"मंगळवारी देतो मॅडम. आमच्या गावचा बाजार राहते ना मंगळवारी. बाजारातून आलो का पहिले गोळी. कालच दिली."

डबा उघडला. मुलाच्या मिथोट्रेक्झेटची पट्टी, छोट्या पिवळ्या गोळ्या. तिच्याच खाली बहिणीच्या फोलिक अ‍ॅसिडच्या पट्ट्या, त्याही छोट्या पिवळ्या. एक आठवड्यातून एकदा, दुसरी रोज. घरात गोळ्या कोण देतं विचारलं. "मी नसलो का आजी देते," मुलगी म्हणाली. आजीला वाचता येत नाही, आणि संध्याकाळी बल्ब एकच असतो.

मी ड्रॉवरमधून प्लास्टिकचा लाल झाकणाचा डबा काढला. मिथोट्रेक्झेटच्या सगळ्या पट्ट्या त्यात घातल्या. झाकणावर चिकटपट्टी लावून मुलाकडे पेन दिला. त्यानं थोडा विचार केला आणि बाजारातल्या वांग्याचं चित्र काढलं.

"आजीला कळेल?" मी विचारलं.

"कळेल," तो म्हणाला. "मंगळवारी आमच्या घरी वांगेच असते."